तबकडीत न मावलेले रामभाऊ

'मंदारमाला' नाटकातली बसंत-बहारची जुगलबंदी पहिल्यांदा ऐकताना कान फक्त वेग टिपतो. पंडित राम मराठे आणि पंडित प्रसाद सावकार, दोन तयारीचे गळे, एकमेकांच्या तोंडून ओळ काढून घेतात, तानेला तान देतात, आणि आपण दाद द्यायला हात उचलेपर्यंत मुखडा परत समेवर आलेला असतो. जुगलबंदीचं खरं सौंदर्य मात्र वेगाची सवय झाल्यावर, चौथ्या-पाचव्या ऐकण्यात उलगडतं.

बहारमध्ये रिषभ शुद्ध, गंधार कोमल, धैवत शुद्ध. बसंतमध्ये नेमकं उलटं: रिषभ कोमल, गंधार शुद्ध, धैवत कोमल. बहार दोन्ही निषाद घेतो, बसंत दोन्ही मध्यम. दोघांचे स्वर एकत्र मांडून पाहिले तर सप्तकातले बाराच्या बारा स्वर वापरून होतात, आणि दोघांत सामाईक उरतात ते चारच: षड्ज, शुद्ध मध्यम, पंचम आणि शुद्ध निषाद. बाराही स्वर लागणारी चीज ऐकताना खरं तर गोंधळ व्हायला हवा, पण इथे तो होत नाही. ऋतू दोघांचा एकच, वसंत, पण स्वभाव वेगळे. बहार चढताना खुलतो, बसंत तार षड्जावरून उतरताना. म्हणून जोडरागाचे सांधे सामाईक स्वरांवरच बसवावे लागतात. कोमल निषाद, धैवत, शुद्ध निषाद करत बहारच्या अंगाने गवई तार षड्जावर पोहोचतो. तिथे क्षणभर थांबला की तो षड्ज कुणाचाच नसतो. मग कोमल धैवत लागतो आणि आपण बसंतात उतरायला लागलो आहोत हे ध्यानात येतं. खाली शुद्ध मध्यमावर पुन्हा तसाच एक उंबरठा आहे.

हे सगळं द्रुत लयीत, दोघांनी, नाटकातला प्रसंग पुढे नेत करायचं. 'मंदारमाला' 1963 साली रंगभूमीवर आलं, नाटक आणि पदं विद्याधर गोखले यांची, संगीत रामभाऊंचं, आणि मंचावर गायलाही तेच. स्वतः चाल बांधून जुगलबंदीत उतरणाऱ्याला एक मोह सहज होऊ शकतो, चांगल्या जागा आपल्याकडे ठेवून समोरच्याला भरीच्या ओळी देण्याचा. रामभाऊंनी तसं केलेलं नाही. सावकारांच्या वाट्याला आलेल्या जागा तितक्याच अवघड, तितक्याच उठावदार आहेत, आणि म्हणूनच स्पर्धा खरी वाटते. रघुवीर सावकारांसारख्या नामांकित स्त्रीपार्टी नटाच्या घरातला हा मुलगा, 'पंडितराज जगन्नाथ'मधलं गंगेचं पद गाऊन घराघरांत पोहोचलेला. त्याच्या आवाजाला गोलाई आहे. रामभाऊंच्या आवाजाला धार आहे. एकाचा स्वर ठरतो, दुसऱ्याचा सुटतो. ही जुगलबंदी जितकी दोन रागांची आहे तितकीच या दोन आवाजांची आहे.

आता तबकडीची अडचण सांगतो. आपण ऐकतो ते पद ध्वनिमुद्रणासाठी आवळून घेतलेलं आहे. 78 गतीच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. नंतरच्या लहान ईपीवर फार तर सात-आठ मिनिटं. नाटकात हेच पद प्रेक्षकांच्या हातात असे. वन्समोअर आला की गवयाने तेच पुन्हा गायचं नसतं, नवं काहीतरी द्यायचं असतं. त्या वेळचे जुने प्रेक्षक आजही पद आठवताना नाटकाची तारीख सांगत नाहीत, त्या रात्री किती वन्समोअर झाले ते सांगतात. तबकडीत चाल राहिली, शब्द राहिले, तयारी राहिली. उत्स्फूर्तपणा मात्र नाट्यगृहात, देवळाच्या सभामंडपात, गणेशोत्सवाच्या मांडवात आणि श्रोत्यांच्या घरांत राहिला, आणि त्यातलं जेवढं वाचलं ते खाजगी फितींवर.

माझा सगळा जीव त्या फितींत आहे. रामभाऊ ठाण्याचे रहिवासी. जन्म पुण्याचा, 1924 चा. 'प्रभात'च्या 'गोपाळकृष्ण' चित्रपटात (1938) कृष्ण झालेला हा मुलगा पुढे गवई म्हणून महाराष्ट्रभर फिरला, आणि 4 ऑक्टोबर 1989 रोजी गेला तेव्हा ठाण्याने आपला माणूस गेला म्हणून शोक केला. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव महापालिका गडकरी रंगायतनमध्ये भरवते. टेंभी नाक्यावरून निघालं की तलावपाळीला वळसा घालून पायी रंगायतनला जाता येतं. या पट्ट्यात, नौपाड्यात, चरईत, पुढे डोंबिवली-कल्याणपर्यंत, साठ-सत्तरच्या दशकांत घरोघर गाण्याचं वेड होतं. ज्याच्याकडे टेपरेकॉर्डर असे त्याला मैफलीत पुढची जागा मिळे. त्या यंत्रांनी धरून ठेवलेलं बरंच काही अजून माळ्यावर आहे.

ते का शोधायचं, याचं माझं उत्तर 'दुर्मीळ आहे म्हणून' हे नाही. दुर्मीळ तर वाईट गाणंही असतं. रामभाऊंच्या बाबतीत कारण अगदी नेमकं आहे: त्यांच्या गळ्यात काय काय साठलेलं होतं ते प्रकाशित तबकड्यांवरून कळतच नाही.

त्यांचे गुरू पाहा. यशवंतबुवा मिराशी, म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची ग्वाल्हेर परंपरा. वामनराव सडोलीकर, म्हणजे जयपूर-अत्रौली. जगन्नाथबुवा पुरोहित आणि विलायत हुसेन खाँ, म्हणजे आग्रा. आणि मास्टर कृष्णराव, म्हणजे भास्करबुवा बखले. भास्करबुवांपाशी मी थांबतो, कारण हरवलेल्या आवाजाची आपल्याकडची सर्वांत मोठी जखम तीच आहे. 1869 ते 1922 एवढं त्यांचं आयुष्य. ग्रामोफोन कंपनीची माणसं 1902 पासून हिंदुस्थानात आवाज टिपत होती. बालगंधर्वांचे गुरू, 'देवगंधर्व' म्हणून गौरवलेले, पुण्यात भारत गायन समाज उभा करणारे भास्करबुवा त्यानंतर वीस वर्षं गात होते, तरी त्यांचा आवाज मागे राहिला नाही. त्यांच्या नावाने कल्याणला गायन समाज देवगंधर्व महोत्सव भरवतो. जो आवाज आजच्या कुणीही ऐकलेला नाही, त्याच्या नावाने शेकडो माणसं वर्षानुवर्षं जमतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मग भास्करबुवा ऐकायचे कुठे? शिष्यांच्या गळ्यांत, आणि पुढे त्या शिष्यांच्या शिष्यांत. मास्टर कृष्णरावांचं चैतन्य, मुखडा दर वेळी नव्या वाटेने समेवर आणायचा त्यांचा खेळकरपणा, लहानशा पदातही ख्यालाची बीजं पेरायची सवय, हे रामभाऊंकडे आलं. भास्करबुवांचं गाणं ऐकलेल्यांनी बुवांबद्दल जे लिहिलं, त्यात तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात नांदल्याचं कौतुक आहे. तेच वर्णन रामभाऊंना शब्दशः लागू पडतं. तीन मिनिटांच्या पदात हा वारसा सूचित होतो. तासाभराच्या ख्यालात तो उकलतो. स्थायीचा भरणा ग्वाल्हेरचा, बोलबनाव आणि लयीशी झटापट आग्र्याची, तानेची गुंतागुंत कुठेतरी जयपूरची, आणि या सगळ्यावर मास्टरांकडून आलेला आनंद. तो आनंद हाच रामभाऊंचा खरा शिक्का. विद्वान गवई अनेक होते. विद्वत्तेचा इतका उघड आनंद घेणारे कमी.

जगन्नाथबुवांचा जोगकंस हे याचं उत्तम उदाहरण. 'गुणीदास' या नावाने बंदिशी बांधणाऱ्या जगन्नाथबुवांनी जोग आणि चंद्रकंस यांच्या मीलनातून हा राग घडवला, आणि पंडित जितेंद्र अभिषेकी, माणिक वर्मा, राम मराठे अशा शिष्यांनी तो मैफलींत रुजवला. रागाचा प्राण दोन गंधारांत आहे. चढताना शुद्ध गंधार, तो मोकळा, जवळजवळ प्रसन्न. वर कोमल धैवत आणि शुद्ध निषाद, तिथे चंद्रकंसाची हुरहुर. उतरताना मध्यमावर टेकून आधी शुद्ध गंधाराला स्पर्श, मग पुन्हा मध्यम, आणि मगच कोमल गंधारावरून षड्जावर विसावायचं. ही शेवटची पावलं घाईत टाकली तर राग कोसळतो. तबकडीच्या मापात ती घाईतच टाकावी लागतात, कारण तेवढ्यातच अस्थाई, अंतरा, सरगम, ताना सगळं बसवायचं असतं. विलंबितात गवयाला त्या दोन गंधारांमधल्या मध्यमावर थांबता येतं. रामभाऊंना लोक तानबाज म्हणून ओळखतात. मला ते अशा थांबण्यात मोठे वाटतात. तान ही त्यांची कीर्ती होती, पण कीर्तीखाली विचार होता, आणि विचार ऐकायला वेळ लागतो. या एका कारणासाठी मी दहा तबकड्यांवरून एक अर्धवट फीत निवडेन.

फीत म्हणजे काय वस्तू आहे हेही जवळून पाहायला हवं. सात इंची स्पूल, 1200 फूट फीत, सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने एका बाजूला साधारण 64 मिनिटं. खोका पुठ्ठ्याचा, पाठीवर बॉलपेनने दोनतीन शब्द: गवयाचं आडनाव, रागाचं नाव, क्वचित गावाचं. साल बहुतेक वेळा नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे तर जवळजवळ कधीच नाही, कारण ज्याने मुद्रण केलं त्याला ते ठाऊकच होतं. पहिली वीस सेकंदं खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, हातोडीने तबला लावल्याचे ठोके. मग तंबोरे. मग गवई बोलतो, आणि हे बोलणं कुठल्याही प्रकाशित मुद्रणात सापडत नाही. बंदिश कुणाकडून मिळाली, पाठभेद काय आहे, हे जुने गवई मैफलीत सहज सांगून जात. तेवढ्या दोन वाक्यांसाठी अभ्यासकाने अख्खी फीत ऐकावी. आणि मध्येच, ऐन रंगात, फीत संपते. दुसरी बाजू लावेपर्यंतची दीड-दोन आवर्तनं कायमची गेलेली असतात. तो खड्डा ऐकायचीही सवय होते; कान त्याच्या अलीकडची लय पलीकडे नेऊन जोडतो.

वेग ही फितीची मोठी फसगत. यंत्र जुनं असेल, पट्टा सैल झालेला असेल, बॅटरी उतरलेली असेल, तर फीत कमीअधिक वेगाने मुद्रित होते आणि आज ऐकताना गवयाची पट्टी अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जाते. काळी दोनचा गवई पांढरी तीनचा होतो, आवाज बारीक वाटतो, ताना अमानुष वेगाच्या वाटतात, आणि मग आपण नसलेल्या गुणाचं कौतुक करत बसतो. यावर जाणकार तंत्रज्ञ एक सुंदर उपाय करतात. यंत्र विजेवर चालत असेल तर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण फितीवर नकळत उतरलेली असते. संगणकावर ती शोधायची. ती 50 ऐवजी 52 वर दिसली तर फीत तेवढ्या प्रमाणात जलद पळते आहे; ती मागे आणली की गवई आपल्या खऱ्या पट्टीत बसतो. त्या काळी ज्या गुणगुणीने मुद्रण बिघडलं म्हणून लोक हळहळले, तीच आज आवाजाची ओळख पटवते. मात्र सफाईच्या नावाखाली ती गुणगुण आधीच पुसून टाकलेली असेल तर हा पुरावाही गेला. म्हणून माझा आग्रह असा की मूळ फितीची पहिली प्रत जशी आहे तशीच, खरखरीसकट, जपावी. सुधारणा दुसऱ्या प्रतीवर कराव्यात.

हरवलेलं गाणं शोधण्याची अशीच एक धुंदी इंग्लंडच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात पसरली होती. अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल संगीताच्या, न गाजलेल्या, कधी बाजारातच न आलेल्या तबकड्या शोधायच्या आणि विगन कॅसिनोसारख्या सभागृहांत रात्रभर त्यांवर नाचायचं. फ्रँक विल्सन या गायकाची मोटाउन कंपनीने 1965 साली छापलेली एक तबकडी बाजारात येण्याआधीच नष्ट करण्यात आली. मोजक्या प्रती उरल्या, आणि त्यातली एक 2009 साली 25 हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. ज्या गाण्याला त्याच्या देशात श्रोता मिळाला नाही त्याला समुद्रापलीकडच्या गिरणीगावांतल्या पोरांनी जीव लावला, ही गोष्ट मला हलवून सोडते. पण त्या वेडाची एक बाजू मला पटत नाही. तिथले निवेदक तबकडीवरचं नाव झाकून ठेवत, खोटं नाव सांगत, म्हणजे दुसऱ्याला ती सापडू नये. आपल्याकडेही काही संग्राहकांनी हेच केलं. 'माझ्याकडे आहे' एवढं सांगायचं, पण ऐकवायचं नाही. फीत कपाटात चिकटून जाते, वारस ती भंगारात देतात, आणि एक बंदिश कायमची संपते.

याच्या उलट वागलेली माणसंही आपल्याकडे झाली आणि त्यांचं ऋण मोठं आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने जुन्या मैफली कॅसेटवर आणून सामान्य श्रोत्याच्या हातात दिल्या. सत्यशील देशपांडे यांनी 'संवाद फाउंडेशन'मधून गवयांना बसवून बंदिशी आणि त्यांवरची चर्चा मुद्रित करून ठेवली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने तबकड्यांची माहिती छापून सर्वांसाठी खुली केली. आणि एक उदाहरण तर सूर्यमालेच्या बाहेर गेलं आहे. 1977 साली व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी केसरबाई केरकरांची भैरवी निवडली गेली तेव्हा ती तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. केसरबाई मुद्रणाच्या बाबतीत अत्यंत कडक. मैफलीत कुणी यंत्र आणलेलं त्यांना खपत नसे. त्यांचा तो निर्णय मला समजतो. पण तो निर्णय सर्वांनी घेतला असता तर आपण आज नुसत्या आठवणी वाचत बसलो असतो.

टेंभी नाक्याचंच आणखी एक गाणं या शोधात यायला हवं. नाक्याजवळ 1879 साली बांधलेलं बेने इस्रायली या ज्यू समाजाचं प्रार्थनामंदिर आहे. हा समाज पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी मराठी कीर्तनाची पद्धत उचलून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं लावायला सुरुवात केली. साकी, दिंडी, ओवी, आर्या यांत बायबलमधल्या कथा. ठाण्यातली कितीतरी कुटुंबं इस्रायलला गेली आणि तिकडे त्यांनी या चाली जपल्या. घरगुती समारंभांत धरलेल्या त्यांच्या कॅसेटी रामभाऊंच्या मैफलींइतक्याच आपल्या आहेत. हा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.

पुन्हा रामभाऊंकडे. 'मंदारमाला'तलंच अहिरभैरवातलं शंकराचं पद घ्या. प्रकाशित मुद्रणात ते स्तोत्रासारखं ठाम आणि तेजस्वी आहे. पूर्वांगात भैरवाचा कोमल रिषभ, उत्तरांगात काफीचा शुद्ध धैवत आणि कोमल निषाद. खाली गांभीर्य, वर मोकळीक. चाल अशी बांधली आहे की हाक वरच्या अंगातून उठावी आणि शरणागती त्या आंदोलित रिषभावर टेकावी. इतकं सगळं तबकडीत स्पष्ट ऐकू येतं, म्हणून ते अजून मराठी गायकांच्या तोंडी आहे, शाळेच्या स्पर्धांत आहे, भजनी मंडळांत आहे. पण त्या सगळ्यांनी नक्कल केली आहे ती तबकडीची. तबकडीतल्या ताना पाठ झाल्या आहेत, जणू त्या चालीचाच भाग आहेत. रामभाऊंनी त्या एका दुपारी, यंत्रासमोर, त्या वेळेपुरत्या घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळ्या घेतल्या असत्या. एकाच पदाची दोन-तीन नाट्यगृहांतली मुद्रणं शेजारी ठेवून ऐकली की विद्यार्थ्याला प्रथमच कळतं की यातलं काय बांधलेलं आहे आणि काय सुचलेलं.

म्हणून ज्यांच्या घरात फिती आहेत त्यांना माझी विनंती अगदी साधी आहे. आधी खोक्यावरची अक्षरं वाचून घ्या आणि त्या मैफलीला बसलेलं जे कुणी घरात हयात असेल त्यांना विचारा: साल, जागा, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, फर्माईश कुणाची. फीत नंतरही ऐकता येईल, ही माणसं नंतर भेटणार नाहीत. फीत स्वतः यंत्रावर चढवू नका. बुरशी असेल, चिकटली असेल तर पहिल्याच फेरीत तिचा लेप निघून येतो. संग्रहालयाकडे किंवा जाणकाराकडे द्या. आणि प्रसिद्ध करायची वेळ आली तर गवयाच्या आणि साथीदारांच्या कुटुंबीयांना विचारून करा. कॉपीराइट कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीपासून कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे, आणि तबलजीही कलाकारच असतो.

बसंत-बहारच्या जुगलबंदीची नाट्यगृहातली फीत कुणाकडे असेल तर तिच्यात काय ऐकायचं हे मी आत्ताच ठरवून ठेवलं आहे. पहिला वन्समोअर संपला की तार षड्जावर दोघं एकत्र येतील, आणि तिथून कोमल धैवताचं पहिलं पाऊल कोण टाकतो, ते.